लाल दिवा लागला? हात जोडा आणि गाडी पुढे हाणा

गाडी घेतलीत, पेढे वाटलेत, मागच्या काचेवर कुलदेवतेचं नाव लिहिलंत, चारही चाकांखाली लिंबं चिरडलीत. झालं, गाडीची देखभाल संपली. डॅशबोर्डच्या खणात एक जाडजूड पुस्तक असतं, ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढू नका. पिशवी फाटली तर गाडी विकताना भाव पडतो. शिवाय त्यात मीटरवरच्या प्रत्येक दिव्याचा अर्थ चित्रासकट छापलेला असतो आणि अर्थ कळला की माणूस घाबरतो. घाबरट माणसाने कोकणात गाडी आणायचीच नाही. तेव्हा पुस्तक राहू दे, मी सांगतो ते ऐका. पाऊस आहे, गणपती तोंडावर आलेत आणि मुंबई-गोवा हायवेबद्दल आपण काही बोलायचं नाही असं ठरलेलंच आहे.

आधी रंग समजून घ्या. कंपनीवाल्यांच्या मते लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता सुरक्षित जागी थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे. आपण सिग्नलला जे करतो तेच इथेही करायचं. पिवळा दिसला की पाय दाबायचा आणि लाल दिसला की आसपास पोलीस आहे का तेवढं बघायचं.

चावी फिरवली की सगळे दिवे दोन-तीन सेकंद लागून विझतात. दिवे शाबूत आहेत ना, याची ती तपासणी असते. तेव्हा एखादा लागलाच नाही तर खूश व्हा. जुनी गाडी घेताना तर मुद्दाम बघा. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावरसुद्धा लागत नसेल, तर आधीच्या मालकाने तुमची एक काळजी वायरीसकट उपटून ठेवली आहे असं समजा.

झारीचा लाल दिवा. चालत्या गाडीत हा लागला म्हणजे इंजिनातला ऑइलचा दाब पडलाय आणि आतले भाग कोरडे घासतायत. पुस्तकी लोक म्हणतात, गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा, सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून पुन्हा बुडवा आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. एवढी उस्तवार कोण करतो? गॅरेज पंधरा किलोमीटरवर असेल तर पंधरा किलोमीटर चालवत न्या. लिटरभर ऑइलने भागलं असतं तिथे अख्खं इंजिन उतरवायचं काम निघेल आणि मिस्त्रीच्या घरचा गणपती यंदा दणक्यात होईल. अगदीच चुटपुट लागली तर गाऱ्हाणं घाला. "बा देवा म्हाराजा, ह्या चाकरमान्यान ऑइल न बघता मुंबैसून गाडी हाणल्यान हा, तेच्या इंजिनाची राखण कर रे म्हाराजा!" मागच्या सीटवरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायला विसरू नये.

पिवळं चेक इंजिन: नुसतं लागलं असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत चालतं आणि लुकलुकत असेल तर त्याहून बरं, रात्री सोबत होते. (लुकलुकतंय म्हणजे इंजिन मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खातंय. त्याची किंमत विचारा एकदा. बसून विचारा.)

गाडी हीट मारायला लागली, थर्मामीटरचं चित्र लाल झालं, बॉनेटमधून वाफ आली, की ताबडतोब फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडा. आत उकळतं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर येतं. कूलंट महाग, विहिरीचं पाणी फुकट, तेव्हा वर्षभर तेच भरत जा. आत गंज चढला तर चढला, लोखंडच ते. एसी बंद करून हीटर पूर्ण चालू केला तर इंजिनाची थोडी उष्णता आत खेचली जाते, असं काही लोक सांगतात आणि ते खरंही आहे. पण पाहुण्यांसमोर घाम गाळत बसायचं म्हणजे इज्जतीचा प्रश्न.

सीटबेल्टचं टुंगटुंग बंद करायला बाजारात नुसतं बक्कल मिळायचं, ते खोचलं की गाडी फसते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 साली ऑनलाइन दुकानांना ही बक्कलं काढून टाकायला लावली, काय हा अन्याय! पण तुम्ही आमच्यासारखे हुन्नरी असाल तर बेल्ट पाठीमागून घेऊन लावा. गाडीला कळत नाही. आपटल्यावर तुम्हाला कळतं.

आता मुख्य सल्ला. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा. पेट्रोल वाचतं.

हे ज्ञान मला आमच्या भावोजींनी दिलं, परवाच, कुंभार्ली घाटात, गाडी न्यूट्रलला सोडलेली असताना. कराडचं बारसं आटपून आम्ही चिपळूणला परतत होतो. पुढे भावोजी आणि ताई, मागे मी, आई, भाची आणि आईच्या मांडीवर गुळाची ढेप. हेळवाक सोडलं, धुकं लागलं, उतार सुरू झाला आणि भावोजींनी दांडा मधे आणून त्यावर दोन बोटांनी ताल धरला. मीटरवर गोलातलं उद्गारचिन्ह होतं. लाल. वळण आलं की लागायचं, गाडी सरळ झाली की विझायचं. पुन्हा वळण, पुन्हा लाल.

"भावोजी, ब्रेकचा दिवा लागतोय."

"सेन्सर आहे रे तो. मागे पण लागत होता. वरून ब्रेक ऑइल टाकलं, गप्प बसला."

गप्प बसला! अहो, ब्रेक ऑइल काय पेट्रोल आहे जळून संपायला? ते कमी होतं ते दोनच कारणांनी. एक तर कुठेतरी गळतंय, नाहीतर ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकाची डिस्क दाबून धरणारे तुकडे, झिजलेत. पॅड झिजला की त्याच्या मागचा पिस्टन पुढे सरकतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत ऑइल जाऊन बसतं, म्हणून वरच्या डबीत ते उतरतं. पातळी खालच्या खुणेला टेकली की वळणावर ऑइल एका अंगाला कलतं, आतला फ्लोट खाली बसतो, दिवा लागतो. सरळ रस्त्याला विझतो. तो दिवा अगदी वेळेवर, अगदी बरोबर सांगत होता. त्या गाडीत त्या घडीला शहाणा तो एकटाच होता. आणि त्याला आपण काय केलं? वरून ऑइल ओतून त्याचं तोंड बंद केलं. पॅड झिजलेले ते झिजलेलेच. आता डबीतलं ऑइल परत खाली आलं म्हणजे मधल्या काळात पॅड आणखी किती गेले असतील, हिशेब करा.

आणि पेट्रोल वाचतं म्हणे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात वाचत असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर इंधन बंद करतो, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की चालू राहण्यासाठी इंजिनाला परत पेट्रोल लागतं. म्हणजे पेट्रोल जास्त, वर इंजिनाने गाडी धरून ठेवणं बंद, आणि पाच माणसं, सामान, गुळाची ढेप हे सगळं वजन त्या झिजक्या पॅडांवर. सतत दाबून ब्रेक तापतात. ब्रेक ऑइलला हवेतलं पाणी शोषायची खोड असते. नवं कोरडं डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं 155 च्या आसपास उकळू लागतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. भावोजींच्या गाडीत ते गाडीबरोबर आलेलंच होतं, आणि वरून टाकलेला नवा थेंब. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पाय बुडबुड्याला दाबतो, ब्रेकला नाही.

आईने विचारलं, "काय करपतंय गो?"

"पुढच्या ट्रकचा वास आहे," भावोजी म्हणाले. पुढे ट्रक नव्हता. होता तो आम्ही मागे टाकला होता, हॉर्न मारून मारून, "हा बाबा मुंगीच्या पावलाने चाललाय" असं म्हणत.

पुढच्या वळणाला पेडल तळाला गेलं. भावोजींचा ताल थांबला. "दुसऱ्यात टाका!" मी ओरडलो. गिअर किंचाळला, पडला, गाडीने हिसका खाल्ला आणि हँडब्रेक ओढत ओढत आम्ही डोंगराच्या बाजूच्या रुंद जागेत थांबलो. ढेप पुढच्या सीटखाली. पुढच्या डाव्या चाकातून निळसर धूर निघत होता, त्यावर पावसाचे थेंब पडले की चर्र वाजत होतं. भावोजी पाण्याची बाटली घेऊन उतरले, चाकावर ओतायला. तेवढ्यात तो मागे टाकलेला ट्रक आला. दुसऱ्या गिअरमध्ये, गुरगुरत, संथ. ड्रायव्हरने काच खाली केली. "न्यूट्रल मारत आलात ना? पाणी घालू नका, डिस्क तडकंल. अर्धा तास गप बसा. ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा." आणि गेला. शिकवणी संपली, फी काही नाही.

पोफळीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. चिपळुणात मिस्त्रीने चाक काढलं. पॅडवर अस्तर उरलंच नव्हतं, पत्रा डिस्कवर घासत होता. डिस्कवरून नख फिरवलं तर चऱ्या लागत होत्या. मिस्त्री म्हणाला, गाडी इथेच ठेवा. भावोजी म्हणाले, "इथे लुटतात. मुंबईला कंपनीत करून घेतो. आत्ता वरून ऑइल टाक."

टाकलं. दिवा विझला. दुसऱ्या दिवशी भावोजी मुंबईला गेले.

असो. मी सल्ले द्यायला बसलोय, तेव्हा उरलेले भराभर सांगतो.

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा: त्याशिवाय आपले आजोबा गाडी चालवत नव्हते का? नव्हतेच.

धो-धो पावसात चारही इंडिकेटर लावून चालत राहा, म्हणजे तुम्ही थांबलाय की वळताय याचा मागच्याला पत्ता लागत नाही.

टायर गुळगुळीत छान दिसतात. खाचांच्या तळाशी 1.6 मिलिमीटरवर छोटे उंचवटे असतात, तिथवर टायर आला की तो संपला. पण वाकून बघायला कुणाची कंबर चांगली आहे?

किनाऱ्यावर गाडी थेट वाळूत घाला, लाटेला चाक लागेपर्यंत. रील झकास येतो. भरती दिवसातून दोनदा येते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, हे गावातल्या शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल, म्हणून विचारू नका. रुतली की गाववाले आहेतच दोर घेऊन. नंतर खालून गोड्या पाण्याने धुऊ नका, खारं पाणी पत्र्याला मुरू दे.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर पुढची एसटी गेली ना, मग आपणही. एसटीची उंची आणि आपली उंची सारखीच. इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली की सेल मारत राहा. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्यानंतर चिखलातून गाडी काढून आधी चावी फिरवणाऱ्यांना विचारा. साध्या विम्यात सेल मारून झालेलं इंजिनाचं नुकसान बसत नाही, तेही तेव्हाच कळतं.

गाडी बंद पडली तर परावर्तक त्रिकोण काढू नका, तो स्टेपनीखाली त्याच्या पिशवीत सुखात आहे. जांभा दगड लावा चार. वर झाडाचा डहाळा. आणि गाडी चालू झाली की दगड तिथेच टाकून निघून जा.

हे मात्र मला उपहासाने लिहवत नाही. निघताना ते दगड उचलायला तुमचे हात झडतात का? रात्री, पावसात, वळणावर, दुचाकीवरून घरी जाणाऱ्या पोराने कशाकशातून वाचायचं? खड्डा, गुरं, समोरच्याचा अप्पर आणि वर तुमचे दगड? तुमची गाडी, तुमचे ब्रेक, तुमचं इंजिन, ते तुम्ही जाळा नाहीतर गंजवा. पण घाट तुमच्या बापाचा नाही. तुमचा ब्रेक लागला नाही तर समोरून येणाऱ्या रिक्षात बसलेल्या माणसाने तुमचं काय वाकडं केलंय? चार हजारांचं सर्व्हिसिंग टाळायचं आणि सनरूफच्या गाडीचे हप्ते भरायचे. वरून दिवा लागला की सेन्सर खराब! सगळ्यांचेच सेन्सर खराब, तुम्ही तेवढे ठणठणीत!

काल भावोजींचा मेसेज आला. गणपतीला तीच गाडी घेऊन येतोय, आईला गणपतीपुळ्याला नेऊन आणतो. मी विचारलं, पॅड बदललेत का? उत्तर आलं, "बघू. दिवा आता लागत नाही."

भावोजी, दिवा लागत नाही कारण तुम्ही डबी भरलीत. आई त्या गाडीत बसणार नाही आणि ताईलाही मी तसंच सांगितलंय. पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल बदलल्याचं बिल पाठवा, फोटो चालेल. नाहीतर एसटीने या, स्टँडवर न्यायला मी येतो.