दवाखान्यात भरती होण्याआधीचं काय?

सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेवरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय, या योजनेत आता पाच लाखांपर्यंत उपचार मोफत, पांढरं रेशनकार्डही चालतं. २०२३ चा हा निर्णय चांगलाच आहे. पण योजनेचा पैसा मिळतो तो भरती झाल्यावर. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतमजूर भरती व्हायची वेळ येईपर्यंत अंगावरच काढतो. माझ्या मोठ्या भावाला बीपी होता. उपकेंद्रात गोळ्या संपलेल्या, अन् कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी पाडून तालुक्याला कोण जाईल? दोन महिने गोळी सुटली, लकवा मारला. मग नागपूरला योजनेतून सगळं झालं, खरंच एक रुपया लागला नाही. पण उजवा हात गेला तो गेलाच. बीपी-शुगरची गोळी गावातच दर महिन्याला मिळालीच पाहिजे, तीही योजनेतच धरा.