ज्याने ब्लेड चालवलं त्यास

पान ४२वर एक कविता संपते आणि समोर थेट पान ५९ सुरू होतं. आधी वाटलं, बाइंडरने पानं मागेपुढे लावली असतील, ते तर नेहमीचंच. म्हणून चष्मा कपाळावर चढवला, बाड खिडकीकडे तिरकं धरलं आणि शिवणीत डोकावलो. तिथे आठ थोटकं होती. नखाएवढी रुंद, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. कुठे फाटलेलं नाही, कुठे हिसका नाही. पट्टी लावून, ब्लेड फिरवून, निवांत केलेलं काम. आठ कागद म्हणजे सोळा पानं. अनुक्रमणिकेत पान ४३च्या ओळीत 'जी. ए. कुलकर्णी' असं स्वच्छ छापलंय. अनुक्रमणिका मात्र शाबूत ठेवलीय हरामखोराने. मागून येणाऱ्याला आपलं काय गेलं ते नीट कळायला हवं ना!

हा एका मासिकाचा साठच्या दशकातला दिवाळी अंक, वर्षाच्या बाडात बांधलेला. मासिकाचं नाव सांगणार नाही. सांगितलं की उद्या फुटपाथवर त्याचा भाव दुप्पट. ग्रंथालयाचंही नाव घेत नाही, कारण तिथल्या बाईंनी मला दोनदा स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजलाय.

माझा उद्योग साधा आहे. जीएंची प्रत्येक कथा पहिल्यांदा कुठल्या अंकात, कुठल्या महिन्यात, कितव्या पानावर आली, तिच्यासोबत चित्र कुणाचं होतं, याची नोंद करायची आणि जमेल त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा. एक दोनशे पानी वही, एक हार्ड डिस्क, आणि बँकेतली नोकरी असल्यामुळे दुसरा आणि चौथा शनिवार. 'सत्यकथा' मासिकाचं त्यातल्या त्यात बरं आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक, गिरगावात खटाववाडीतली कचेरी, १९८२ साली ती बंद पडली तेव्हा हळहळलेले वाचक, या सगळ्यामुळे तिचे खंड लोकांनी जपले तरी. खरी बोंब आहे ती बाकीच्यांची. ज्यांना कुणी 'वाङ्मयीन' म्हटलं नाही ती मासिकं, त्यांचे दिवाळी अंक, वाचून झाल्यावर सोसायटीच्या जिन्याखाली जाणारे.

"पण संग्रहांत आलंय ना सगळं? मग जुन्या कागदांच्या मागे कशाला लागतोस?" हा प्रश्न मला आतापर्यंत सख्ख्या मेहुण्यापासून मराठीच्या प्राध्यापकापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. मेहुण्याला माफ आहे. प्राध्यापकाला नाही. अहो, कथा संग्रहात जाताना लेखक तिच्यावरून हात फिरवतो. वाक्यं गाळतो, शेवट हलवतो, कधी नावसुद्धा बदलतो. मासिकातली कथा ही त्या क्षणाची कथा असते. तिच्या बाजूला केसांच्या तेलाची जाहिरात असते, पुढच्या पानावर आज कुणाला आठवत नाही असा कवी असतो, आणि दोन महिन्यांनी वाचकांच्या पत्रात कुणीतरी कऱ्हाडहून 'काही कळले नाही' असं लिहिलेलं असतं. पुस्तकात यातलं काय येतं?

आणि तारीख. जीएंच्या बाबतीत तारखेची चेष्टा करू नका. १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'काजळमाया' या कथासंग्रहाला मिळाला, पुढे पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, आणि या माणसाने पुरस्कार परत केला. एका तारखेवरून! आणि आपण त्यांची कथा फिरवताना खाली लिहितो, 'साधारण १९६० च्या सुमारास'.

आता त्या ग्रंथालयाची हकीकत. आठ थोटकं दिसण्याआधी ते बाड हातात पडायला मला चार शनिवार लागले. पहिल्या शनिवारचा संवाद जसाच्या तसा देतो.

"अंक मिळणार नाही हो. बाहेर काढला की पानं तुटतात."

"घरी नाही नेत, मॅडम. इथेच बसून बघतो."

"इथेच म्हणजे कपाटाच्या बाहेरच ना?"

याला काय उत्तर आहे? मी गप्प बसलो. मग अर्ज. अर्जावर कार्यवाहांची सही. कार्यवाह मंगळवारी येतात, पण या मंगळवारी नाहीत. दुसऱ्या खेपेला सही झाली होती, पण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते गावी गेलेले. तिसऱ्या खेपेला बाड निघालं, पण वर्ष चुकीचं. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत एक साल आणि आत दुसरंच. चौथ्यांदा मिळालं.

"मोबाईलवर फोटो काढू का?"

"फोटो चालत नाहीत. झेरॉक्स चालेल. पाच रुपये पान."

म्हणजे बघा. पन्नास-साठ वर्षांचं बाड, ज्याचं पान उलटताना माझा श्वास अडकतो, ते उपडं करून काचेवर ठेवायचं, पुठ्ठ्यावर तळहाताने दाबायचं म्हणजे शिवणीतली अक्षरं उमटतील, खालून तो प्रखर दिवा फिरवायचा, हे चालतं. आणि एक फूट अंतरावरून, हात न लावता, फ्लॅश बंद करून फोटो? छे, छे, अंक खराब होईल! स्वतःच्या अभ्यासापुरती नक्कल काढायला १९५७चा कॉपीराइट कायदासुद्धा वाव देतो. पण तिथल्या भिंतीवरची लॅमिनेट केलेली सूचना कायद्याच्याही वर आहे.

त्या बाईंवर माझा राग नाही. अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयात पगार काय असतो आणि तो कधी होतो, मला माहीत आहे. पंखा एक, तो त्यांनी माझ्याकडे वळवला. राग आहे तो कार्यकारिणीत बसून दरवर्षी 'वाचनसंस्कृती'वर भाषण करणाऱ्या आणि वीस वर्षांत ते कपाट एकदाही न उघडलेल्या मंडळींवर. आत काय आहे आणि काय नाही, हे कुणी पाहिलंच नाही. ब्लेड कधी फिरलं? गेल्या वर्षी की १९७५ साली? कुणालाच माहीत नाही. रजिस्टरमध्ये शेरा आहे: 'सुस्थितीत'.

बाइंडरचं वेगळं. बाड नीटनेटकं दिसावं म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारतात. त्यात वरचे पृष्ठांक जातात, चित्रकाराची कोपऱ्यातली सही जाते. मुखपृष्ठं आणि जाहिराती 'फालतू' म्हणून आधीच काढून टाकलेल्या. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी ज्या काळात मुखपृष्ठं केली, त्या काळातली मुखपृष्ठं! उरलेला कागद स्वस्तातल्या लगद्याचा. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं, आम्ल असतं, हवा-उजेड लागला की पिवळा, मग तपकिरी, मग पापड. त्यात मुंबईची दमट खारी हवा. पिना गंजून कागदाला भोकं पाडतात. रंगीत पानांसाठी वापरलेला गुळगुळीत आर्ट पेपर एकदा ओला झाला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की नंतर वीटच हातात येते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या पलंगाखालच्या दोन ट्रंकांचं हेच झालं. त्यांनी त्या विटा अजून ठेवल्यात. टाकवत नाहीत म्हणाले. आणि जिथे पावसाने सोडलं तिथे आपण सेलोटेप लावतो. फाटलेलं पान टेपने जोडणाऱ्याला जन्मठेप द्यायला पाहिजे. टेप वाळून गळून पडते, तिचा डिंक तेवढा तेलकट डाग होऊन अक्षरांवर कायमचा मुक्कामाला राहतो.

पण पाऊस, कसर, वाळवी यांच्याशी भांडता येत नाही. भांडण आहे ते संग्राहकांशी. ही एक जमात आहे. "माझ्याकडे आहे" एवढं सांगण्यासाठीच यांनी अंक जमवलेत. यांच्यातल्या एकांना मी फोन केला. "हो, आहे ना. मिंट कंडिशन." मिंट! मराठी मासिक म्हणजे काय नाणं आहे? म्हटलं, फक्त जीएंची सोळा पानं बघू द्या, मी बोरिवलीहून येतो, तुमच्या समोर बसतो, हातमोजे घालतो. "बघू, सध्या सगळं बांधून ठेवलंय." हे 'सध्या' गेली तीन वर्षं चालू आहे. मधे एकदा त्यांनी उदार होऊन व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. कथेच्या पहिल्या पानाचा. आडवं, लाल अक्षरांत यांचं नाव आणि 'संग्रहातून', आणि उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या चार ओळींवर, यांचा अंगठा. तो अंगठा मी इतक्या वेळा मोठा करून पाहिलाय की उद्या पोलिसांनी ओळखपरेड घेतली तर छातीठोकपणे सांगेन, हाच.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. २०२३ला जीएंची जन्मशताब्दी झाली. १० जुलैला सकाळपासून मला एकवीस शुभेच्छाचित्रं आली. सूर्यास्त, एकटं झाड, आणि खाली जीएंच्या नावावर असं काहीतरी वाक्य की बिचारे धारवाडच्या घरात बसून हादरले असते. जो माणूस फोटो काढून घ्यायला तयार नसायचा, काळ्या चष्म्याआड राहिला, त्याला आपण 'सुप्रभात' करून टाकलं. हे वाक्य कुठल्या कथेतलं, असं ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "भावना समजून घ्या." मग एकाने 'दुर्मिळ कथा' म्हणून पीडीएफ टाकली. उघडली तर कुणीतरी पुन्हा टाइप केलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा खून पाडलेला, अंकाचं नाव नाही, साल नाही. खाली मात्र 'संकलन' म्हणून टाइप करणाऱ्याचं नाव, ठळक. अशीच दुसरी एक फाइल जुन्या डीटीपी फॉन्टमधली होती. ती माझ्या संगणकावर उघडली तर सगळे कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. तीही जपून ठेवलीय, काय करणार!

१९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण छाती फुगवतोय की अशी परंपरा जगात कुठे नाही. परंपरा आहे, कबूल. मग ते अंक कुठे आहेत? शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, तेव्हा संगणक सोडा, झेरॉक्सचं यंत्रही नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि आपण अंगठ्याचे फोटो काढतोय. कुणी म्हणेल, हक्कांचा प्रश्न आहे. आहेच. जीए गेले १९८७ला, पुढची साठ वर्षं धरली तर १ जानेवारी २०४८ला त्यांचं लेखन खुलं होईल. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा असेन. पण मी कुठे कथा छापायला निघालोय? मला फक्त पान बघायचंय. आणि तोवर तो कागद टिकणार आहे का, हे हक्कवाल्यांनी सांगावं.

एवढं सगळ्यांना बोललो, तर घरचंही सांगतो. १९९६ला आम्ही गिरगावातली चाळ सोडून बोरिवलीला आलो. वडिलांची माळ्यावरची मासिकं होती, सुतळीने बांधलेली, प्रत्येक गठ्ठ्यावर त्यांच्या अक्षरात सालाची चिठ्ठी. नव्या घरात माळा नव्हता. आई म्हणाली, "ती रद्दी तेवढी खाली देऊन ये रे." मी चौदा वर्षांचा. तीन मजले, सात फेऱ्या. रद्दीवाल्याने तराजूत गठ्ठा ठेवताना चिठ्ठी उपटून टाकली, तीही मी पाहिली. आलेल्या पैशांतून कोपऱ्यावर दोन वडापाव खाल्ले. बाबा त्या दिवशी ऑफिसला गेले होते. संध्याकाळी रिकामा माळा बघून ते काहीच बोलले नाहीत, फक्त टॉर्च लावून कोपऱ्यापर्यंत एकदा पाहिलं. मला हव्या असलेल्या सालाची चिठ्ठी त्यात होती का, हे आठवायचा मी रोज रात्री प्रयत्न करतो. हिरवी शाई होती, एवढंच आठवतं.

तर, ब्लेडवाल्या. तू रद्दीवाला नाहीस, हे मला कळतंय. तुला त्या कथेची किंमत माहीत होती, म्हणून तर नेमकी तीच कापलीस, शेजारची कविता ठेवलीस. तू माझ्याच जातीचा आहेस आणि म्हणून तुझा जास्त संताप येतो. ते आठ कागद तू एखाद्या फायलीत ठेवले असशील. तू म्हातारा झाला असशील किंवा नसशीलच. तुझ्या सुनेला ती फाइल कपाट आवरताना सापडेल आणि ती विचारेल, हे काय, सुटे कागद?

नाव लिहू नकोस. साध्या पाकिटात घाल आणि ग्रंथालयाच्या पत्त्यावर टाक, पत्ता तुला पाठ असणारच. आणि जमलं तर एवढं कर, टेप लावू नकोस.