पृथ्वी फिरते म्हणून विमान लवकर पोचतं? मग नागपूरला कसे जाता?

मुंबई–न्यूयॉर्क विमानाचा तो मेसेज परत फिरायला लागलाय. पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला निघालेल्या विमानाखाली अमेरिका आपोआप सरकत येते आणि प्रवास लवकर होतो, तरी कंपन्या सरळ रस्ता सोडून उत्तरेकडून वळसा मारतात, का तर तिकीट महाग करायला. खाली 'सर्वांना पाठवा' आहेच.

आधी ते फिरणं बघू. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण 1580 किमीने पूर्वेकडे जाते आणि प्रवासी विमान 900 च्या आसपास. मेसेज खरा धरला तर मुंबईहून निघालेलं विमान नागपूरला कधी पोचणारच नाही, नागपूर पुढे पळत राहणार, आणि परतीचं विमान सतराएक मिनिटांत सांताक्रूझला! प्रत्यक्षात दोन्हीकडे दीडेक तासच लागतो ना? अहो, हवासुद्धा जमिनीबरोबरच फिरते, आणि विमान धावपट्टीवर उभं असतं तेव्हाच त्याला तो वेग मिळालेला असतो.

बरं, 'लवकर होतो' हेच मुळात उलटं आहे. न्यूयॉर्कला जाताना सोळाएक तास लागतात, येताना चौदाएक. रात्री एकला निघून सकाळी सातला उतरलो म्हणजे सहा तास झाले असं नाही, तिथलं घड्याळ साडेनऊ-साडेदहा तास मागे असतं.

फरक पडतो तो वाऱ्याने. 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात ताशी 200 किमीच्या वर सहज जातो. समोरच्या स्क्रीनवर 'ग्राउंड स्पीड' म्हणजे जमिनीच्या मानाने विमानाचा वेग येतो तो बघत बसा, परतीला कधीकधी हजाराच्या पुढे गेलेला दिसेल. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं, एरवी साडेसहा-सात लागतात. हे वारे पूर्वेकडे वळतात त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण तो असा मागच्या दाराने.

आणि माझं आवडतं उदाहरण. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण 13,900 किमी. ऑक्टोबर 2016 मध्ये पॅसिफिकवरून नेलं, 15,300 किमी, म्हणजे 1400 किमी जास्त, आणि तेही पूर्वेकडे, जिथे मेसेजवाल्यांच्या हिशोबाने अमेरिका पळून जायला हवी. पोचलं साडेचौदा तासांत, जवळपास दोन तास आधी, कारण वारा पाठीमागून!

आता 'वळसा'. पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा, तो रशिया, फिनलंडकडून, आर्क्टिक वृत्ताच्या जवळून जातो. ते अंतर 12,500 किमी. भिंतीवरच्या नकाशात पट्टीने आखलेली 'सरळ' रेघ निघते 14,200 च्या आसपास. म्हणजे वळसा पट्टीवाल्यांचाच.

खरोखरचा वळसा पडतो तो आकाश बंद असलं की. रशियावरून उडणं बंद झाल्यावर मार्च 2022 मध्ये युनायटेड या अमेरिकी कंपनीने मुंबई–नेवार्क (न्यूयॉर्कजवळचा विमानतळ) विमान थांबवलं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी घातल्यावर एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. जादा इंधन कंपनीच्या खिशातून जातं, लँडिंगचे पैसे वेगळे, मग हे हौसेने कोण करेल?