ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला जाताय? आधी तिथी बघा

‘फ्लेमिंगो आलेत का?’ हे दर हिवाळ्यात विचारलं जातं. येतात हो. नोव्हेंबरपासून यायला लागतात, जानेवारी ते एप्रिल भरपूर असतात. पण ठाणे खाडीत गेल्यावर ते दिसणार की नाही, हे पाण्यावर ठरतं. आणि लोक बेत आखतात तो रविवारच्या सुट्टीवर.

कोकणातला जुना हिशोब वापरा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. पंचमी असेल तर पावणेचार (पहाटे आणि दुपारी), म्हणजे सकाळी दहाला ओहोटी. त्या वेळी बोट निघणारच नाही, कारण खाडीत गाळ आहे. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. ऐरोली खाडीच्या वरच्या अंगाला असल्याने पाणी तिथे मुंबई बंदरापेक्षा थोडं उशिराच चढतं. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा आणि बोटीची वेळ ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडून आधीच पक्की करा.

आता खरी गोम. पूर्ण भरतीला बोट मजेत फिरते, पण चिखलपट्टे बुडालेले असतात आणि थवे विसाव्याच्या जागी गेलेले असतात. बघायची वेळ मधली: पाणी चढत असताना किंवा उतरू लागल्यावर. पट्टा उघडा पडला की पक्षी पाण्याच्या कडेकडेने चरत सरकतात. शक्यतो सकाळची फेरी घ्या. ऐरोली पूर्व काठावर आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येतं. दुपारनंतर समोर सूर्य आणि फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या.

थव्यात बहुतेक धाकटे रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो) असतात: लहान, गडद गुलाबी, चोच काळपट लाल. मोठा रोहित उंच आणि फिकट, चोच गुलाबी, टोक तेवढं काळं. करडे दिसतात ती पिल्लं, आजारी नव्हेत. धाकटा चोचीतल्या बारीक जाळीतून शेवाळ गाळून खातो आणि ते मिळतं उघड्या पट्ट्यावर किंवा उथळ पाण्यात. म्हणजे चरायला तास मोजकेच. म्हणून बोटवाल्याला ‘जरा उडवा ना’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जड पक्षी धावत धावत उडतो, परत बसतो, त्यात त्याचं खाणं जातं. माना एकदम ताठ वर झाल्या की समजा, तुम्ही फार जवळ आलात. तिथेच थांबायला सांगा. आठपट मोठं दाखवणारी ८×४२ ची दुर्बीण असेल तर यापेक्षा जवळ जायची गरजही पडत नाही.

आणि पक्षी लांब असतील तेव्हा काठावरच्या कांदळवनाकडे, म्हणजे खारफुटीच्या झाडांकडे बघा की! तिवर ओळखायला सोपी: चिखलातून पेन्सिलीसारखी उभी श्वासमुळं, पानाची खालची बाजू पांढुरकी. पानावर मीठ साचतं, बोट फिरवून चाखा. चिपीची श्वासमुळं जाड आणि निमुळती. (पांढरी चिपी हा २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे.) कांदळाला खोडापासून कमानीसारखी आधारमुळं असतात. गाळात हवा नसते, झाड श्वास घेतं ते या मुळांवरच्या छिद्रांतून. भरतीबरोबर आलेली प्लास्टिकची पिशवी मुळांना लपेटली की ती छिद्रं बुजतात. फोटोसाठी लाकडी वाटेवरून खाली उतरणाराही तीच मुळं मोडतो, आणि स्वतः गुडघाभर रुततो.

खाडीतलं हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आलं. पण भरतीला हे थवे विसावतात ती नेरुळची तळी या हद्दीबाहेर आहेत. त्या तळ्यांत खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या तर पक्ष्यांनी भरतीचे चार तास काढायचे कुठे, हा प्रश्न फेरीवरून परतताना तरी विचारा.

पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास भयंकर आहेत.