गोधडी, कॅमेरा आणि उरलेला संसार

गोधडी शिवण्याचा आणि घरच्या माणसांचे फोटो काढण्याचा, असे दोन्ही छंद एकाच व्यक्तीला जडले की भेटेल तो माणूस तिला विचारतो, हे सगळे सांभाळून घर कसे चालते? प्रश्नच मुळात उलटा आहे. घर सांभाळून छंद कसे चालवावेत याची काळजी करणाऱ्यांचे छंद पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जातात. आपण तसे करू नये. छंद जागच्या जागी ठेवावेत आणि शाळेचा डबा, कापसाची वेचणी, सासऱ्यांची औषधे, नणंदेच्या मुलीचे लग्न या बाकीच्या गोष्टी त्यांच्याभोवती जमतील तशा बसवाव्यात. एखादी बसत नसेल तर तिच्या कडा कापून घ्याव्यात. गोधडी शिवणाऱ्यांचा हात त्या कामाला सरावलेला असतोच.

प्रथम कापडाचे पाहू. पूर्वीच्या बायका गोधडीसाठी कापड आणत नसत, ते घरातच तयार होई. लुगडे विरले, धोतर फाटले, थोरल्याचा सदरा धाकट्यालाही येईनासा झाला, की त्यांचे थर अंथरून कडेकडेने आत येत धावदोरा घातला जाई आणि विरल्या जागी ठिगळ लागे. या पद्धतीत दोष एवढाच की कापड संपेपर्यंत थांबावे लागते, आणि हल्लीच्या सिंथेटिक साड्या तर संपतच नाहीत. त्या सुईखालून सटकतात आणि घामही टिपत नाहीत, तो भाग वेगळा. म्हणून आपण चांगले कोरे सुती कापड मीटरवर विकत आणावे, गोल पात्याच्या कटरने त्याचे चौकोन पाडावेत आणि मग पाव इंचाची शिलाई धरून तेच चौकोन पुन्हा एकमेकांना जोडावेत. ज्यांचे आयुष्य कापूस पिकवण्यात गेले त्या सासऱ्यांना हा व्यवहार उमगणार नाही. ओट्यावर बसून ते काही वेळ पाहतील आणि "जोडायचंच होतं तर फाडलं कशाला?" एवढेच विचारतील. त्यावर उत्तर नाही, म्हणून ते देण्याच्या भानगडीत पडू नये. आतल्या भरावाचा पॉलिएस्टरचा थर कुरियरने येतो ही गोष्ट तर त्यांच्यापासून लपवूनच ठेवावी, कारण घरातल्या एका खोलीत भाव वाढण्याची वाट पाहत कापूस आढ्यापर्यंत रचलेला असताना दारात प्लास्टिकच्या कापसाचे पार्सल सही करून घेणे हे सर्वांच्या देखत करण्याजोगे काम नव्हे.

नवे सुती कापड शिवण्यापूर्वी धुऊन आटवून घ्यावे लागते, आणि गडद लाल किंवा निळ्या कापडाचा रंग सुटतो की नाही हेही तपासावे लागते. ही तपासणी यजमानांच्या पांढऱ्या शर्टांबरोबर एकाच बादलीत केल्यास निकाल लवकर आणि निःसंदिग्ध मिळतो. पाव इंचाच्या शिलाईबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. ती दोऱ्याच्या जाडीइतकी जरी चुकली, तरी दहा-बारा तुकड्यांनंतर एक ओळ दुसरीपेक्षा बोटभर लांब भरते. वरणाला फोडणी घालायची राहिली, गॅसचा नंबर लावायचा राहिला, मुलाची सहामाहीची फी राहिली, तर त्या गोष्टी मागाहून सावरता येतात.

चैत्र-वैशाखात तंटा गच्चीवरून होतो. हे दिवस वाळवणाचे. ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, शेवया आणि पापड यांच्यासाठी गच्ची पहाटेपासून अडलेली असते, आणि अंथरायला जुनी मऊ सुती साडीच लागते. घरात अशी एकच साडी शिल्लक असते आणि ती नेमकी आपण दुपट्यासाठी हेरून ठेवलेली असते. सासूबाई ती ओली करून अंथरतील, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवतील आणि पातेल्यातला गरम घाटा, म्हणजे ज्वारीचे शिजवलेले पीठ, घेऊन तिच्यावर ओळीने बिबड्या थापत जातील. घाट्याचा चटका बसतो म्हणून दर दोन बिबड्यांना हात पाण्यात बुडवून घेतील आणि मागे वळून न पाहता, कोणी मदतीला येते आहे का याची चाहूल घेतील. या घटकेला साडी मागण्यात शहाणपण नाही, आणि मदतीला बसलो तर सकाळ हातची जाते. उत्तम मार्ग म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढून वरून फोटो काढणे. सकाळी सातचे तिरपे ऊन बिबडीच्या खरबरीत अंगावर फार सुरेख पडते. "ते पातेलं जरा फ्रेमच्या बाहेर घ्या ना," एवढी सूचना वरून अदबीने करावी. खालून "काय करी राहिनी वं माय तू तठे?" असा प्रश्न आल्यास त्यात कौतुकच आहे असे समजून आणखी दोन फोटो काढावेत.

वरचे कापड, भराव आणि अस्तर हे तीन थर एकमेकांवर टाचणे हे गोधडीतले सर्वांत जोखमीचे काम. ते जमिनीवरच करावे लागते, त्यासाठी मधली खोली रिकामी लागते आणि पंखा बंद ठेवावा लागतो, कारण वाऱ्याने वरचा थर सरकला तर अस्तराला पडलेली चुणी तशीच शिवली जाते आणि मग ती जन्मभर दिसते. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास असतो हे खरे, परंतु मुलांना सुटी असल्याने शाळेची धावपळ नसते आणि आपल्याला सलग दुपार मिळते ती याच महिन्यात. लोडशेडिंगची वेळ आधी माहीत असेल तर काम तेव्हाच काढावे, म्हणजे पंखा आपण बंद केला असा आरोप येत नाही. ती वेळ हुकली तर मंडळींना ओले पंचे देऊन ओट्यावर बसवावे. हे सारे जाडजूड पांघरूण तयार करण्यासाठी चालले आहे, ही माहिती त्यांना थंडी पडल्यावर सांगितलेली बरी. टाचताना लावलेल्या सेफ्टी पिना मोजून लावाव्यात आणि मोजून काढाव्यात. एखादी कमी भरली तर शोधत बसू नये, रात्री पाणी प्यायला उठलेले सासरे ती अंधारातही अचूक शोधून देतात.

कॅमेऱ्याच्या अडचणी निराळ्या आहेत. आपल्याकडचे दुपारचे ऊन थेट डोक्यावर पडते, डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग दिसतात आणि घरातले सर्वांत प्रेमळ माणूसही फोटोत खुनशी दिसते. म्हणून जाणकार लोक सूर्यास्तापूर्वीचा तास पसंत करतात, त्या वेळी उजेड मऊ, सोनेरी आणि आडवा येतो. आता नेमकी हीच घटका भाकरी थापण्याची, दूध काढण्याची, देवापाशी दिवा लावण्याची का असावी, याचे उत्तर आपल्या पूर्वजांपाशी मागावे. त्यांच्यापैकी कोणालाही कॅमेऱ्याचा छंद नसावा. तोडगा असा की जेठाणीला, म्हणजे थोरल्या जावेला, पिठाच्या परातीशी बसवावे आणि खिडकीतून तिच्या कपाळावर आलेल्या उजेडाचा फोटो घ्यावा. भाकरी होतात, फोटोही होतो, आणि दोन्हींपैकी जे आपले त्याचे श्रेय आपल्याला मिळते. "आज जेवाले भेटी का नही?" असा आवाज बाहेरून आला तर तो जेठाणीला उद्देशून आहे असे धरावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्यावर प्रश्नच उरत नाही, तिथे आपल्याला कोणी काम सांगत नाही. निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावरच्या मुली स्पष्ट टिपायच्या तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या हिश्शाला ठेवावे लागते, आणि त्या मुलींत आपलीही पाळी होती ही गोष्ट विसरावी लागते.

आपल्या खानदेशातला कानबाई या देवीचा सण छायाचित्रकाराने सोडू नये. नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरत, मुंबई, पुण्याकडे पांगलेली भावकी एका घरात जमते, नैवेद्याचे रोट होतात, ते भावकीतच खाल्ले जातात, आणि सोमवारी विसर्जन झाले की सगळे पुन्हा गाड्या पकडतात. म्हणजे सर्वांचा एकत्र फोटो घ्यायला एकच संधी, आणि त्यात कोणाचे तरी डोळे मिटलेले. यावर शास्त्रीय उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या विज्ञान संशोधन संस्थेतील दोघांनी डोळ्यांच्या उघडझापीचा हिशेब मांडला आणि त्यासाठी त्यांना २००६ साली गणिताचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे, पारितोषिक मिळाले. माणसे २० पेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात त्यांच्या संख्येला तिनाने आणि कमी उजेडात दोनाने भागावे. येईल तितके फोटो काढले की त्यांतल्या एकात तरी सर्वांचे डोळे उघडे असण्याची बऱ्यापैकी खात्री देता येते. या हिशेबात थोरल्या काकांचे ऐन वेळी रुसणे, जमिनीच्या वाटणीवरून न बोलणाऱ्या दोन भावांमध्ये तिसरा उभा करणे आणि पायऱ्यांवर कोणी वर व कोणी खाली बसायचे हा मानपानाचा भाग धरलेला नाही. तो आपण धरावा, आणि तोवर पुरणपोळ्या झाकून ठेवाव्यात.

घरच्यांनी "या नादाने कोणाचं भलं झालंय?" असे विचारल्यास चाळीसगावच्या केकी मूस यांचे नाव घ्यावे. १९१२ साली जन्मलेले हे पारशी गृहस्थ विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८९ साली जाईपर्यंत सुमारे ५० वर्षे रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरातच जवळजवळ कोंडून घेऊन राहिले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून अवघा देखावा उभा करणारी त्यांची छायाचित्रे देशोदेशी वाखाणली गेली. इतके सांगून थांबावे. मूस अविवाहित होते आणि त्यांच्या टेबलावरचा पसारा आवरून तिथे ताटे मांडा असे कोणी म्हणत नव्हते, ही माहिती श्रोत्यांपैकी कोणाला असेल तर विषय बदलून कापसाच्या भावाकडे न्यावा.

काढलेले फोटो सांभाळण्याचा नियम सर्वत्र एकच सांगतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत माहेरी ठेवावी, म्हणजे दर महिन्याला ती अद्ययावत करायला जाण्यास तांत्रिक आधार मिळतो. छापून मात्र काही घेऊ नये. छापला की फोटो भिंतीवर लागतो, भिंतीवर लागला की मावशी त्यात जाड दिसते, आणि वर्षभर बोलणे होते. याचा परिणाम म्हणून घरातले कोणी वारले की हजारो फोटोंच्या त्या भांडारातून वेळेवर एकही सापडत नाही आणि चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकावर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला जातो. त्याला इलाज नाही. निवड करायला निवांत वेळ हवा आणि आपला वेळ गोधडीत गेलेला असतो.

हे दोन्ही छंद एकत्र आणण्याची एक आधुनिक युक्ती आहे, ती म्हणजे फोटो सुती कापडावर छापून घ्यायचे आणि त्या चौकोनांची गोधडी करायची. कल्पना ऐकताना कुटुंबवत्सल वाटते. पुढचा विचार चौकोन मांडायला घेतल्यावर सुचतो. गोधडीला उसे असते तसा पायथाही असतो, आणि कोणाचे तरी तोंड पायथ्याशी येणारच. आजेसासऱ्यांना तिथे ठेवता येत नाही; त्यांना कोणाचा पाय लागला तर झोपलेल्या माणसाला रात्री उठून नमस्कार करावा लागेल. सासूबाईंना मधोमध घ्यावे तर त्यांच्यावर कोणी बसेल. जेठ-जेठाणी पायथ्याशी गेले तर जेठाणी पुन्हा परातीशी बसणार नाही. मुलांना तिथे ठेवावे तर सासूबाई म्हणतात, "लेकरं काय पायाखाली?" शेवटी चारही बाजूंना उसे असलेली गोधडी आखावी लागते, आणि तीवर झोपायचे कसे हे ठरेपर्यंत ती पेटीत घालून ठेवावी लागते. एका परीने हे चांगलेच आहे. धुण्याने छापील चेहरे फिकट होतील ही भीती राहत नाही.

आता सर्वांत मोठ्या संकटाबद्दल सावध करतो. मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आपल्या गावांतून अजून आहेत. अशा बाईच्या नजरेला आपले अर्धवट काम पडू देऊ नये. ती कटर मागणार नाही, पाव इंच विचारणार नाही, पंखा बंद करा म्हणणार नाही. मांडी घालून बसेल, चार बोटांनी अंतर धरेल, आपण तीन उन्हाळे पुरवून शिवत आणलेली गोधडी चार-आठ दिवसांत पुरी करेल आणि मजुरी मागेल. पुरी झालेली गोधडी कोणीतरी पांघरते, तिच्यावर मूल शू करते, ती उन्हात टाकावी लागते, आणि गच्ची तर बिबड्यांनी अडलेली असते. शिवाय काम संपल्यावर मधली खोली, रिकामी दुपार आणि स्वयंपाकातून सूट कोणत्या सबबीवर मागायची, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. तेव्हा ती बाई दारात आलीच तर तिला ओट्यावरच चहा द्यावा, मूठभर बिबड्या कागदात बांधून द्याव्यात आणि "आमच्याकडे सगळे सोलापुरी चादरीच पांघरतात" असे सांगून तिची बोळवण करावी.