आमच्या गटाराचं झाकण

जुलै लागला की बडोद्यात माणसं एकमेकांना 'कसं काय' विचारत नाहीत. 'काळाघोडा किती?' असं विचारतात. बाहेरगावचा पाहुणा असला तर त्याला वाटतं, इथे घोड्यांचा बाजार भरतो. तसं काही नाही. कामाटीबागेच्या दारात सयाजीराव महाराजांचा घोड्यावरचा काळा पुतळा आहे. त्याच्या शेजारच्या पुलापाशी विश्वामित्रीची पातळी मोजतात. २६ फूट झाले की नदीनं धोक्याची रेषा ओलांडली. आमच्याकडच्या पोरांना हा आकडा पाढ्यांच्या आधी पाठ होतो.

दुसरा आकडा आजव्याचा. आजवा म्हणजे महाराजांनी १८९२ साली शहराला पाणी पाजण्यासाठी बांधलेला तलाव. त्याला ६२ दरवाजे. पाणी २११-२१२ फुटांच्या पुढे चढलं की जादा झालेलं विश्वामित्रीकडे निघतं आणि विश्वामित्री आमच्याकडे. आजव्याच्या आकड्यातून काळ्याघोड्याचा आकडा काढून, त्यात पावागढावरचा पाऊस मिळवून, 'रात्री अडीचला पाणी आपल्या फाटकाशी' असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी तज्ज्ञ बडोद्याच्या प्रत्येक सोसायटीत असतो. कारेलीबागेत, नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या सोसायटीतला तज्ज्ञ माझ्याच घरात राहतो.

हे बँकेत होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, आता दुसऱ्यांचं पाणी मोजतात. सकाळी चहाआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन आकडे लिहायचे, वरती आजवा, खाली काळाघोडा. त्यामुळे आमच्या कॅलेंडरवर जुलै-ऑगस्टमध्ये एकादशी कधी आणि संकष्टी कधी ते दिसत नाही. मागच्या चतुर्थीला मी दुपारी व्यवस्थित जेवले आणि चंद्रोदयाच्या वेळेच्या जागी '२११.४०' वाचून हात जोडले.

बातम्या आणणारे निराळे. दूधवाल्याचे फूट नेहमी दोनाने जास्त असतात, त्याला लवकर घरी जायचं असतं. नाक्यावरच्या सेवउसळवाल्याचे दोनाने कमी, कारण गिऱ्हाईक पळायला नको. आमच्या कामवाल्या बेन थेट नदीकाठच्या वस्तीतून येतात, खरं पाणी त्यांनाच माहीत. पण त्या फुटांत बोलत नाहीत. 'देवळाची दुसरी पायरी गेली' असं सांगतात. ह्यांना तो आकडा कॅलेंडरवर लिहिता येत नाही, म्हणून हे तो धरत नाहीत.

आता यात हसण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल, आणि खरंच आहे. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात वीसेक इंच पाऊस कोसळला होता. २०२४ ला गोकुळाष्टमीच्या सुमाराला धरला तो असा की काळ्याघोड्यानं ३५ फूट ओलांडले. गणपती दहा दिवसांवर, आणि आमचं मखर बैठकीच्या खोलीत तरंगत होतं. तळमजल्यावरच्या आजोबांनी देव, औषधं आणि पेन्शनचं पुस्तक एवढंच वर आणलं; फ्रीज पाटावर चढवलेला होता, तो पाटासकट आडवा झाला. तेव्हापासून काळाघोडा १८ वर गेला की लोक गाड्या फतेगंजच्या पुलावर नेऊन लावतात, २० ला तळमजल्यावरच्या गाद्या वरच्या जिन्यात येतात आणि २२ ला वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन सगळ्यांसाठी थेपले लाटायला घेतात. पूर आला नाही तरी थेपले होतातच. त्यामुळे २२ पर्यंत जावं आणि मग उतरावं, अशी आमच्या मजल्यावर बऱ्याच जणांची मनातून इच्छा असते.

पण मला सांगायचंय ते पुराचं नाही, झाकणाचं.

आमच्या फाटकासमोर पावसाळी गटार आहे. त्याच्यावर सिमेंटचं झाकण होतं. एक दिवस त्याच्यावरून रेतीचा ट्रक गेला आणि झाकणाचे दोन तुकडे झाले. एक तुकडा आत गेला, दुसरा कडेला राहिला आणि त्यातून गंजलेल्या सळ्या वर आल्या. पहिल्यांदा कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचली. मग फांदीला लाल चिंधी बांधली. मग फांदी वाळली, म्हणून प्रमुखभाईंनी (आमच्या सोसायटीचे प्रमुख, माणूस उत्साही) स्वतःच्या घरची मोडकी प्लास्टिकची खुर्ची आणून त्यावर उपडी ठेवली. खुर्ची इतके महिने तिथे राहिली की रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही 'खुर्चीपाशी थांबव' म्हणायला लागलो.

तक्रार मी केली. अशी कामं आमच्याकडे माझ्या वाट्याला येतात, कारण ह्यांचं लक्ष आजव्याकडे असतं. तक्रारीचा फोन नंबर आहे, अ‍ॅप आहे, फोटो काढून पाठवायची सोय आहे. मी फोटो पाठवला. ताबडतोब क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी संदेश आला की आपल्या तक्रारीचा निकाल झाला आहे. मी चपला घालून खाली गेले. खुर्ची जागच्या जागी होती. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "बेन, थई जशे." मी म्हटलं, "पण तुमच्या लेखी तर झालंय." तो म्हणाला, "हा, तो थई गयुं ने!"

यावर काय बोलणार? मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा क्रमांक, पुन्हा निकाल. एकदा एक साहेब खरोखर आले. स्कूटरवरूनच खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीचा फोटो काढला आणि 'रस्त्यावर घरगुती सामान ठेवू नका' असं प्रमुखभाईंना बजावून गेले. त्या रात्री प्रमुखभाई जेवले नाहीत म्हणे.

अशात एका संध्याकाळी, पाऊस नुकताच थांबलेला, समोरच्या वहिनींचा धाकटा खालून ओरडला, "आजी, गटरात पाल आहे, मोठी!" सगळे खाली धावले. तळमजल्यावरच्या आजोबांनी बॅटरी मारली आणि निदान केलं, "घोरपड." ह्यांनी चष्मा पुसला. "घोरपड नव्हे, शेपटीवर दाते बघा. मगर!" हा क्षण ह्यांचा होता, मी नाकारणार नाही.

मगरच होती. हातभर लांब, पिवळसर अंगावर काळे पट्टे, चेवड्याच्या रिकाम्या पाकिटावर पुढचे पाय ठेवून वर बघत होती. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकत होते. तोंड थोडं उघडं, त्यातून सुईच्या टोकासारखे दात. मधूनच कोंबडीच्या पिल्लासारखा आवाज काढायची. वरच्या बेन म्हणाल्या, "बिचारी भूखी हशे," आणि थेपला आणायला वळल्या. त्यांना चौघांनी धरलं.

बडोद्यात मगर निघणं ही काही पहिल्या पानाची बातमी नाही. विश्वामित्रीत चारशेच्या वर मगरी आहेत, नदी शहराच्या मधोमध वाहते, पूर आला की त्याही आमच्यासारख्याच कोरडी जागा शोधत निघतात. २०२४ ला इथल्याच अकोटा भागात एक घराच्या छपरावर बसलेली सगळ्या देशानं पाहिली, आणि एकीला तर दोघा मुलांनी स्कूटरवर मांडीवर आडवी घेऊन वन खात्याच्या कचेरीत पोचवलं. तरी स्वतःच्या फाटकाशी निघालेली मगर निराळी. पाच मिनिटांत शेजारच्या तिन्ही सोसायट्या जमल्या. इतकी माणसं आमच्या वार्षिक सभेला कधी आली नव्हती. गणसंख्येसाठी प्रमुखभाई दर वर्षी घरोघर हिंडतात, ते त्या गर्दीकडे फार खिन्नपणे बघत उभे होते.

प्राणी पकडणाऱ्या स्वयंसेवकांना फोन लावला. हे म्हणाले, आता येतील उद्या. चहा उकळायच्या आत आले. दोन मुलं, एक मोटारसायकल, एक झाकणाची प्लास्टिकची बादली. त्यातला एक बडोद्यातल्याच वाडी भागातला मराठी निघाला. खुर्ची बाजूला केली, पालथा पडून हात आत घातला, मानेमागे आणि शेपटीच्या मुळाशी धरून मगर अलगद वर घेतली. ओरडा नाही, आव नाही. पोरांना म्हणाला, "हात लावायचा नाही, लांबून बघा. हे याच वर्षीचं पिल्लू. पावसाच्या तोंडावर अंड्यातून निघतात."

"आता कुठे नेणार?" आजोबांनी विचारलं.

"वन खात्याकडे देतो. ते नदीत सोडतील."

"कुठल्या नदीत?"

"विश्वामित्रीत, आजोबा. तिथलंच आहे."

"म्हणजे परत येणार!"

"आलं तर फोन करा," तो म्हणाला. "आम्ही आहोतच." मग बादलीवर झाकण बसवता बसवता माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, हे गटार असं उघडं का? एखादं पोर पडेल. तक्रार करा ना."

मी काही बोलले नाही. वहिनींनीच माझा हात दाबला.

खरं तर इथेच मला शहाणपण सुचलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर वाघाच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसते. गटाराचं झाकण कुठल्याच अनुसूचीत नाही. तेव्हा झाकणाची तक्रार करून उपयोग नाही, मगरीची केली पाहिजे. त्याच रात्री मी नवी तक्रार नोंदवली. फोटोत खुर्ची येऊ दिली नाही. मजकूर लिहिला: 'उघड्या गटारात मगर. झाकण तातडीने बसवावे.' मगर हा शब्द पहिल्याच ओळीत येईल अशी काळजी घेतली. ह्यांनी वाचून पाहिलं आणि त्यात आजव्याची पातळीही घालावी असं सुचवलं. ते मी घातलं नाही.

सकाळी नऊच्या आत गाडी हजर! गाडीत साहेब, दोन माणसं, आणि देवाशपथ सांगते, मागे एक नवं कोरं सिमेंटचं झाकण. सगळी सोसायटी गॅलरीत आली. प्रमुखभाईंनी शर्टाची बटणं लावली. साहेब खाली उतरले, गटारापासून बऱ्यापैकी लांब उभे राहिले.

"मगर क्यां छे?"

"काल रात्रीच घेऊन गेले," मी म्हटलं. "वन खात्याकडे दिली."

"एटले अत्यारे नथी?"

"नाही. पण झाकण..."

साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी मोबाईल काढला, दोनदा बोट फिरवलं. "तो बेन, तमारी फरियाद तो पूरी थई गई." गाडीतलं झाकण दुसऱ्या कुठल्या तरी सोसायटीचं होतं. तिथे म्हणे साप निघाला होता, आणि तो अजून आत होता.

गाडी गेली. दुपारी संदेश आला: आपल्या तक्रारीचा निकाल झाला आहे, कामाला एक ते पाच गुण द्या. फोन नेमका ह्यांच्या हातात होता. ह्यांनी पाच दिले.

मी म्हटलं, "अहो, पाच कशाबद्दल?"

"अगं, तो मगर धरणारा मुलगा किती सभ्य होता!"