रात्रीचं ऊन नको, दिवसाची लाईट द्या

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. अवकाशात सोलर पॅनल लावणार, तिथून मायक्रोवेव्हने वीज खाली सोडणार, ना रात्र ना ढग, चोवीस तास ऊन. वर याची कॉमेंट, 'आता शेतकऱ्यांचं रडणं तरी थांबेल'. डोकंच फिरलं.

काल रात्री दीड वाजता अण्णा गव्हाला पाणी द्यायला गेले. वय ६८. का, तर या आठवड्यात आमच्याकडे लाईटीची रात्रपाळी. एका हातात बॅटरी, एका हातात फावडं, त्या थंडीत एकटेच दारं धरत होते आणि मी इथे पुण्यात पांघरुणात. अख्खं गाव जन्मभर दिवसाची लाईट मागतंय, आणि हे रात्रीचं ऊन आणायला निघालेत!

बरं, कल्पना काय आजची नाही. पीटर ग्लेझर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९६८ मध्येच मांडलीय. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठवाल्यांनी उपग्रहातल्या उपग्रहात, फूटभर अंतरावर, बिनतारी वीज पाठवून एलईडी पेटवले आणि खाली पॅसाडेनाला आपल्या कॅम्पसच्या गच्चीवर सिग्नलही पकडला. भारी आहे, मान्य. पण खरी पॅनल बसवायची ती ३६ हजार किलोमीटरवर, आणि ती वीज झेलायला खाली काही किलोमीटर पसरलेली जाळी लागते. ती कुणाच्या शिवारात टाकणार? ग्रुपवाल्याच्या सोसायटीत तर नक्कीच नाही. नासाच्याच २०२४ च्या रिपोर्टात म्हटलंय की हे जमिनीवरच्या सोलरपेक्षा कैक पट महाग पडेल.

आणि वीज कमी पडते म्हणून अण्णा रात्री जातात असं वाटतं का तुम्हाला? मागच्या वर्षी आमची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली, १७ दिवस कुणी फिरकलं नाही. शेवटी गावाने वर्गणी काढून ट्रॅक्टरने नेली आणि आणली. सूर्य तेव्हाही रोज उगवत होता ना? शेवटच्या दोनशे मीटरची वायर सांभाळता येत नाही आणि गप्पा ३६ हजार किलोमीटरच्या.

हां, पावसाळ्यात आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत तेव्हा सोलर पंप नुसता बघत बसतो, तिथे वरून आलेली वीज कामाची, हे खरंय. आणि कलाम साहेबांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या लोकांबरोबर याच गोष्टीसाठी पुढाकार घेतला होता, म्हणजे खुळचट नक्कीच नाही. त्यांच्याबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. करा संशोधन, जरूर करा, फक्त आमच्या नावावर खपवू नका.

दुपारी फोनवर अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. पण मन लावून ऐकलं, दोनदा विचारलं की वीज वायरीशिवाय येते कशी. मग म्हणाले, "चांगलंय की. पण वर फ्यूज गेला तर वायरमन कोण रे?"

हसलो दोघं. मग म्हणाले ठेवतो, जरा पडतो आता, उरलेले चार वाफे आज रात्री भिजवायचेत.